चिऱ्याचं अंगण धुतल्यावर आणखी दाट शेवाळतं, ते का?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. गुहागरजवळ, समुद्रापासून साधारण अर्ध्या किलोमीटरवर प्रश्नकर्त्यांचं वडिलोपार्जित कौलारू घर आहे. पुढे चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, अंगण, रस्त्यापासून घरापर्यंत चिऱ्याचीच पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, विहिरीकडे जाणारी शहाबादी फरशी आणि मागच्या बाजूला होमस्टेच्या पाहुण्यांसाठी बांधलेला सागवानी डेक. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये एका सफाईवाल्याने सगळं प्रेशर वॉशरने धुतलं, हट्टी डागांवर ॲसिड मारलं आणि वरून चकाकणारं कोटिंग दिलं. जुलैत शेवाळ आलं, तेही आधीपेक्षा दाट. आता कोटिंगचे पापुद्रे सुटतायत, अंगण काळं पडलंय, आणि गणपतीला गावी आलेले असताना वडील पाखाडीवर घसरले. मुका मारच लागला, पण घरातले धास्तावलेत. विचारणा अशी: स्वतःचं मशीन घ्यावं का, किती बारच्या दाबाचं घ्यावं, आणि शेवाळ परत येऊ नये म्हणून कोणतं केमिकल मारावं?

मी रत्नागिरीपासून गोव्यापर्यंतच्या पट्ट्यात घरांची, रिसॉर्टची आणि देवळांची आवारं धुण्याचं काम करतो. शेवाळ परत येणारच नाही असं केमिकल बाजारात नाही, तसं कुणी विकत असेल तर घेऊ नका. आणि बारच्या आकड्याआधी मला एक वेगळीच माहिती हवी आहे: पाऊस थांबल्यावर तुमचं अंगण किती वेळात कोरडं होतं?

शेवाळाला उजेड, पाणी आणि धरून बसायला खरबरीत जागा लागते. उजेड आपण बंद करू शकत नाही. पाणी किती वेळ थांबतं आणि दगड किती खरबरीत होतो, या दोन गोष्टी बऱ्याच अंशी आपल्या हातात असतात. पाऊस उघडल्यावर दोन तासांत सुकणारी फरशी भर जुलैतही जेमतेम हिरवट होते. संध्याकाळपर्यंत ओली राहणारी फरशी कशानेही धुवा, तीन-चार आठवड्यांत ती बुळबुळीत झालेली दिसेल. गेल्या वर्षीच्या कामाने तुमचं अंगण जास्त खरबरीत झालं आणि जास्त वेळ ओलं राहू लागलं. म्हणून शेवाळ वाढलं. मशीन कमी ताकदीचं होतं म्हणून नव्हे.

हे तपासायला पैसे लागत नाहीत. आता पाऊस ओसरलाय, तर एखाद्या कोरड्या दिवशी सकाळी दहाला अंगणभर आणि पाखाडीवर बादल्यांनी पाणी ओता. बारा, दोन आणि चार वाजता जिथे ओल राहिली असेल तिची कड खडूने आखा. चार वाजताच्या रेघेच्या आत जेवढी जागा येईल तेवढीच तुमची खरी अडचण. बहुतेक घरांमध्ये ती अंगणाच्या चौथाईपेक्षा जास्त नसते, आणि वडील घसरले ती जागा तिच्यात असणार असा माझा अंदाज आहे.

बाकी बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. डोक्यावर फणस आहे की मोकळं आकाश, विहीर उताराच्या खाली आहे की वर, चिरा जुना घट्ट झालेला आहे की अलीकडे खाणीतून आलेला, डेकखाली हवा खेळते की तो थेट जमिनीला टेकलाय. मी समोर उभा राहून हे पाहिलेलं नाही, म्हणून खालची मापं सुरुवातीची समजा. कोपऱ्यातल्या दोन-तीन चौरस फुटांवर आधी करून बघा, आठवडाभर थांबा, मग पुढे जा.

आता काय उगवलंय ते. हिरवा बुळबुळीत थर म्हणजे बारीक शेवाळ, आणि घसरायला तोच जबाबदार. मखमलीसारखी गादी येते ती वेगळी वनस्पती. ती पाणी धरून ठेवते, पण निदान दिसते तरी. तुम्ही ‘अंगण काळं पडलं’ म्हणता ते बहुधा नीलहरित शेवाळ. उन्हापासून वाचायला त्याच्या पेशींभोवती गडद रंगाचं आवरण असतं, त्यामुळे उन्हाळ्यात ते काजळीसारखं कोरडं दिसतं. लोकांना वाटतं दगड जुना झाला, काळवंडला. पहिल्या पावसात तेच पुन्हा फुगतं आणि चिकट होतं. चिऱ्यावर राखाडी-पांढरट गोल ठिपके असतील तर ते दगडफूल. त्याने घसरत नाही, मी त्याला हात लावत नाही. आणि भिंतींवर भगवट-तांबडा थर दिसत असेल तर तो गंज नाही, ट्रेंटेपोहलिया नावाचं हिरव्याच गटातलं शेवाळ आहे. त्यातल्या केशरी रंगद्रव्यामुळे हिरवेपणा झाकला जातो. गोव्यात आणि दक्षिण कोकणात निम्म्या कंपाउंड भिंती त्यानेच रंगलेल्या असतात, आणि लोक ‘चिऱ्याचा रंग उतरला’ म्हणून वर पेंट मारत बसतात.

समुद्राजवळ आणखी एक भानगड असते, ती म्हणजे खारं वारं. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. अंगणातलं मीठ पावसाने धुऊन जातं, पण पडवीच्या पायऱ्या, वळचणीखालचा पट्टा, छपराखालचा डेक, म्हणजे जिथे वारं पोहोचतं आणि पाऊस पोहोचत नाही, तिथे ते साचत राहतं. मे महिन्यात रात्री पाऊस नसतानाही या जागा सकाळी दमट लागतात त्या यामुळेच. अशा जागा पावसाळा सोडून अधूनमधून साध्या गोड्या पाण्याने धुणं हाच उपाय. त्याला केमिकल लागत नाही.

गेल्या वर्षीच्या कामाकडे येतो. जांभा खाणीत असतो तेव्हा मऊ असतो, अवजाराने सहज तासता येतो. हवा लागली, सुकला, की त्यातली लोहाची संयुगं घट्ट होत जातात आणि वरचा थर टणक बनतो. कोकणच्या सड्यांवर, म्हणजे पठारांवर, उघडा पडलेला कातळ किती कठीण असतो ते तुम्हाला माहीत आहे. बारसू, कशेळी, उक्षी इथली कातळशिल्पं अशाच कातळावर इतका काळ टिकलीत. तुमच्या अंगणातल्या चिऱ्यावरही वर्षानुवर्षांच्या वावराने आणि उन्हाने असं पातळ कवच तयार झालेलं असतं. आत मात्र तो सच्छिद्र, मातकट आणि पाणी पिणारा. १२० बारचा झोत जवळून, अरुंद नोझलने मारला की शेवाळाबरोबर हे कवचही जातं. त्या दिवशी दगड लालबुंद, नवा दिसतो आणि घरमालक खूश होतो. खरं तर भोकं उघडी पडलेली असतात. धुतलेल्या पाण्यातून लालसर मऊ गाळ वाहत असेल तर तुम्ही दगड धुवत नाही, तासताय.

ॲसिडने त्यात भर घातली. घराघरात संडास धुवायला वापरतात ते हायड्रोक्लोरिक ॲसिड चिऱ्याला बांधून ठेवणाऱ्या लोहाच्या संयुगांना खातं, सांध्यातला चुना आणि सिमेंट खातं आणि पिवळट डाग सोडतं. शहाबादी फरशीवर तर ते टाकूच नये. शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे, ॲसिड पडताच त्यावर फेस येतो आणि पृष्ठभाग कुरतडला जातो. कोटा आणि कडप्पाही चुनखडीच्याच जातीचे. यानंतर जी फरशी ‘स्वच्छ’ दिसते तिच्यात शेवाळाला धरायला आधीपेक्षा कितीतरी जास्त खाचा झालेल्या असतात.

आणि कोटिंग. अंगणाखाली जमीन आहे, जमिनीतून ओल वर येते, ती बाहेर पडायला दगडाचा पृष्ठभाग मोकळा हवा. चकाकणारं ॲक्रिलिक कोटिंग म्हणजे दगडाला घातलेला रेनकोट: बाहेरचं पाणी थोडे दिवस अडतं, आतला घाम मात्र आतच राहतो. मग पांढुरका लोणा, म्हणजे क्षाराचा थर, उठतो, फुगे येतात, पापुद्रे सुटतात, आणि पापुद्र्याखालची ओली फट शेवाळाला आयतीच मिळते. शिवाय चकाकी म्हणजे ओल्यात घसरण. जिथे म्हातारी माणसं अनवाणी किंवा रबरी चपलांनी चालतात तिथे बाहेरच्या फरशीला मी चकाकणारं काहीही देत नाही.

उरलेलं कोटिंग काढायच्या मागे जोर लावून लागू नका. सुटलेलं असेल तेवढं लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने कोरड्यात खरवडा. घट्ट असेल ते दोन-तीन उन्हाळ्यांत आपोआप जातं. थिनर ओतलं तर ते कोटिंग विरघळवून भोकांत आणखी खोल नेतं.

चिऱ्यासाठी मी कसं करतो ते सांगतो. सगळ्यात आधी कोरडं काम. पातेरा (पालापाचोळा), माती, सांध्यातलं गवत, मखमली गादी हे सगळं दगड सुकलेला असताना हिराच्या खराट्याने आणि लाकडी पट्टीने काढतो. ओल्यात घासलं की शेवाळाचा लगदा होऊन भोकांत बसतो, कोरड्यात तेच भुकटी होऊन निघतं. तारेचा ब्रश चिऱ्यावर वापरत नाही. तो दगड उकरतो आणि त्याचे तुटलेले तुकडे राहून गंजाचे ठिपके देतात.

मग मारणं, आणि घासणं त्यानंतर. हा क्रम बहुतेक जण उलटा करतात. जिवंत शेवाळ घासलं की वरचं निघतं, भोकातलं राहतं, आणि आपण ओतलेल्या पाण्यावर तेच पुन्हा फोफावतं. चिऱ्यावर माझी पहिली पसंती बेंझाल्कोनियम क्लोराइडला. ते ५० टक्के द्रावणाच्या स्वरूपात केमिकलच्या दुकानात मिळतं. दहा लिटर पाण्यात ३०० मिलिलिटर घातलं की साधारण दीड टक्का होतं. फवारणीच्या पंपाने दगड भिजेल पण वाहणार नाही इतकं मारायचं. दहा लिटर सुमारे चारशे-पाचशे चौरस फुटांना पुरतं, चिरा फार पिणारा असेल तर कमी. मारल्यावर धुवायचं नाही. निदान चोवीस तास पाऊस नको. दुसऱ्या दिवशी काहीच झालेलं दिसत नाही, त्यामुळे गिऱ्हाइकांचे फोन येतात. आठवड्याभरात हिरवं तपकिरी होतं आणि पुढच्या काही आठवड्यांत वारा, खराटा, पाऊस यांनी निघून जातं. काळ्या थराला बहुधा दुसरा हात लागतो, महिन्याभराने.

दोन गोष्टी सांभाळा. त्यात साबण किंवा कपड्यांची पावडर मिसळू नका, दोघं एकमेकांना निकामी करतात. आणि पंप आंब्यावरच्या फवारणीचा किंवा तणनाशकाचा उसना घेऊ नका, घेतलात तर अंगणाच्या कडेची अबोली जाईल.

क्लोरीन, म्हणजे ब्लीच, झटपट काम करतं, पंधरा मिनिटांत हिरवं पांढरं होतं. ते मी शहाबादीसारख्या घट्ट दगडावर, सिमेंटच्या कोब्यावर आणि पेव्हर ब्लॉकवर वापरतो. चिऱ्यावर टाळतो, कारण ते मागे मीठ सोडतं. चिरा ते पिऊन घेतो, पूर्ण धुतलं जात नाही, आणि किनाऱ्यावर दगडात आणखी मीठ भरण्यात शहाणपण नाही. माप असं: १० टक्क्यांचं ताजं सोडियम हायपोक्लोराइट असेल तर एक लिटरला नऊ लिटर पाणी. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर ताजी असताना तिच्यात ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं, म्हणजे दहा लिटरला ३०० ग्रॅम. ती आदल्या रात्री कालवून ठेवा आणि वरचं निवळ पाणीच घ्या, खालचा चुन्याचा साका फरशीवर पांढरे ओघळ देतो. उघड्या पिशवीत पावसाळाभर राहिलेली पावडर मात्र फेकून द्या, तिच्यात नुसता वास उरलेला असतो. द्रावण दहा-पंधरा मिनिटं ओलं ठेवायचं, उन्हात सुकू द्यायचं नाही. मग नायलॉनच्या ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवायचं. आजूबाजूच्या झाडांवर आधी आणि नंतर साधं पाणी मारायचं.

सगळ्यात महत्त्वाचं, क्लोरीन आणि ॲसिड एकाच दिवशी, एकाच जागी कधीही नाही. दोन्ही एकत्र आली की विषारी क्लोरीन वायू सुटतो. मोरीत किंवा बंद पडवीत हे झालं तर माणूस जागेवर गुदमरतो. सफाईवाला दोन्ही कॅन घेऊन आला असेल तर एक गाडीतच ठेवायला सांगा.

शेजारी कुणीतरी मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, सुचवेल. पोफळीच्या बागेत मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण मारतात तिथला चिरा स्वच्छ राहतो हे खरंच आहे. पण तांबं हिरवे-निळे डाग सोडतं, लोखंडी खिळे-फाटकं खातं, आणि वाहून विहिरीत किंवा पऱ्यात (ओढ्यात) गेलं तर मासे मरतात. बेंझाल्कोनियमही माशांना घातकच आहे. म्हणून तुमच्या विहिरीकडच्या शहाबादी वाटेवर, काठड्यापासून निदान पंधरा फुटांत, मी कोणतंच केमिकल वापरणार नाही. तिथे खराटा, ब्रश, पाणी आणि पुन्हा पुन्हा हात एवढंच. विहीर उताराच्या खाली असेल तर हे अंतर आणखी वाढवा आणि धुतलेलं पाणी मातीचा छोटा बांध घालून बाजूला वळवा.

लाकडी डेकचा हिशेब वेगळा. सागवानावर क्लोरीन नको. ते लाकडातला तंतू धरून ठेवणारा भाग खातं, वरचे धागे सुटतात आणि पृष्ठभाग मऊ केसाळ होतो. पुढच्या पावसात त्याच केसांत बुरशी धरते. मोठ्या प्रेशरनेही नेमकं हेच होतं. डेकवर मी ४०-५० बारच्या वर जात नाही, पसरट नोझल, फूटभर अंतर, आणि झोत नेहमी रेषांच्या दिशेने. घरगुती मशीनवर एवढं कमी करता येत नसेल तर पाइप आणि ब्रश बरा.

धुण्यासाठी सोडियम परकार्बोनेट, दुकानात ते ऑक्सिजन ब्लीच म्हणून मिळतं. लिटरभर कोमट पाण्यात ६० ते ८० ग्रॅम. कालवल्यावर त्याच वेळी वापरायचं, बाटलीत भरून ठेवायचं नाही, वायू सुटून बाटली फुटते. पंधरा-वीस मिनिटं लाकूड ओलं ठेवा, रेषांच्या दिशेने नायलॉन ब्रश, मग पाणी. याने सागवान काळपट होतं, घाबरू नका. त्यावर ऑक्झॅलिक ॲसिडचं सौम्य द्रावण, लिटरला ४०-५० ग्रॅम, दहा मिनिटं, आणि पुन्हा पाणी. लाकूड मधाळ रंगावर येतं आणि खिळ्यांभोवतीचे निळे-काळे डागही जातात. ते डाग म्हणजे सागातलं टॅनिन आणि लोखंड यांची संगत. डाग वारंवार येत असतील तर खिळेच बदला. समुद्राच्या इतक्या जवळ ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलवरही तांबूस डाग येतात, ३१६ ग्रेडचे मागून घ्या. ऑक्झॅलिक विषारी आहे, हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि ते शेजारच्या शहाबादीवर सांडू देऊ नका.

डेकला तेल द्यावं का, हे सगळेच विचारतात. ‘टीक ऑइल’ नावाने जे मिळतं त्यातल्या बऱ्याच डब्यांत जवसाचं तेल असतं आणि आपल्या हवेत ते बुरशीचं खाद्य आहे. गोव्यातल्या एका रिसॉर्टमध्ये दर वर्षी तेल पाजलेला डेक आणि काहीच न दिलेला डेक शेजारी शेजारी आहेत. काळा पडतो तो तेलवाला. सागाला राखाडी होऊ देण्यात काही कमीपणा नाही. पाहुण्यांना फोटोत रंग हवाच असेल तर बुरशीनाशक असलेलं, मुरणारं, रंगद्रव्याचं फिनिश डिसेंबर-जानेवारीत द्या, लाकूड चांगलं वाळल्यावर. त्याहून जास्त फरक फळ्यांमधल्या फटी साफ ठेवण्याने पडतो. फटीत अडकलेला पातेरा महिनोन्‌महिने ओला राहतो. जुनी लोखंडी पट्टी घेऊन सुटीत मुलांना ते काम द्या, त्यांना आवडतं. डेकच्या तीन बाजूंनी फळ्या ठोकून खालची जागा बंद केली असेल तर निदान दोन बाजू मोकळ्या करा.

आता वेळ. धुण्याला सगळ्यात चांगला काळ म्हणजे पाऊस गेल्यावरचा ऑक्टोबर-नोव्हेंबर. विहिरीला पाणी असतं, शेवाळ ताजं असतं, आणि पुढचे सहा महिने दगड सुकणार असतो. एप्रिल-मेमध्ये लोक मला बोलावतात कारण सुटी असते. पण घरगुती मशीनही मिनिटाला सहा-आठ लिटर पाणी पितं, तासाला चारशे लिटर. ज्या महिन्यात वाडीत प्यायला टँकर येतो त्या महिन्यात अंगण धुणं मला पटत नाही. मेमध्ये फक्त कोरडं झाडणं आणि शेवटच्या आठवड्यात, वळवाचा अंदाज बघून, बेंझाल्कोनियमचा एक हात. त्याने जुलै बऱ्यापैकी निघतो. ऑगस्टमध्ये चार दिवस उघडीप मिळाली तर चालण्याच्या वाटेवर आणखी एक हात, गणपतीच्या आधी. न मिळाली तर मिळाली नाही, त्याला इलाज नाही. तेव्हा जाड वाळू टाका किंवा जुन्या पद्धतीने वाटेवर माडाच्या झावळ्या अंथरा.

सुकण्याचा वेग वाढवणं हे माझ्या धंद्याबाहेरचं काम, पण पैसे आधी तिथेच घाला असं मी प्रत्येकाला सांगतो. तुमचं घर कौलारू आहे, म्हणजे पागोळ्या थेट अंगणाच्या कडेवर पडत असणार. पन्हळ लावा, पाणी एका जागी खाली आणा आणि अंगणाबाहेर काढा. पन्हळ नको असेल तर पागोळी पडते तिथे दीड फूट रुंद खडीचा पट्टा करा, म्हणजे चिखल उडून दगडावर बसणार नाही. त्या चिखलाच्या पातळ थरावर शेवाळ दगडापेक्षा लवकर धरतं. फणसाची, आंब्याची अंगणावर आलेली खालची फांदी छाटली की सकाळचं ऊन दोन तास जास्त मिळतं. कुंड्या थेट फरशीवर ठेवू नका, खाली विटेचे तुकडे घाला. आणि खडूच्या रेघेत जे चिरे खचलेले निघतील ते उचलून, खाली वाळू-खडी भरून पुन्हा बसवा. उतार मीटरला सव्वा-दीड सेंटीमीटर हवा, डोळ्याला तो जेमतेम कळतो. सांधे सिमेंटने ठासू नका, जाड वाळू किंवा चुना-वाळू पुरते, पाणी खाली जायला वाट राहते.

पाखाडीचं वेगळं सांगतो, कारण वडील तिथे पडले. पायऱ्या झिजून मध्ये खोलगट झाल्या असतील तर पाणी आणि माती तिथेच थांबते. ओळखीच्या पाथरवटाकडून त्या पायऱ्यांना टाकी मारून (छिन्नीने खाचा पाडून) घ्या, पृष्ठभाग खडबडीत आणि किंचित पुढे उतरता. तुम्ही म्हणाल, मघाशी खरबरीतपणा वाईट म्हणालात. प्रेशरने होतो तो बारीक भोकांचा खरबरीतपणा, त्यात फक्त शेवाळ धरतं. टाकीच्या खाचा मोठ्या असतात, त्यात पाय धरतो आणि उतार असला की पाणी निघून जातं. एका बाजूला पाइपचा कठडाही बसवा. घरातले लोक ‘शोभत नाही’ म्हणतील, बसवल्यावर सगळ्यात आधी तेच धरून उतरतील.

मशीनबद्दल शेवटी. एका घरासाठी प्रेशर वॉशर घ्यायची गरज मला दिसत नाही. पंप, लांब दांड्याचा नायलॉन ब्रश, चांगला पाइप आणि खराटा यात तुमचं काम होतं. शहाबादीसाठी हवंच असेल तर १०० बारच्या आसपासचं साधं घ्या, त्याबरोबर येणारं गोल फिरणाऱ्या झोताचं नोझल चिऱ्याला आणि लाकडाला लावू नका, आणि ज्या प्लगला जोडाल त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, आहे ना ते वायरमनकडून तपासून घ्या. गमबूट घाला. पायाला जखम असेल तर घाण पाण्यात उभे राहू नका, कोकणात लेप्टो (घाण पाण्यातून जखमेवाटे होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप) आहे हे विसरून चालत नाही.

माणूस बोलावणार असाल तर त्याला तीन गोष्टी विचारा: चिऱ्यावर किती प्रेशर मारणार, कॅनमध्ये काय आहे, आणि धुतलेलं पाणी कुठे जाणार. ‘साहेब, काळजी करू नका, एकदम नवं करून देतो’ एवढंच उत्तर आलं तर नमस्कार करून परत पाठवा.

म्हणजे तुमच्यासाठी क्रम असा लागेल: या आठवड्यात पाणी ओतून खडूच्या रेघा, मग कोरडं खरवडणं आणि चिऱ्यावर पहिला हात, दिवाळीनंतर डेक, हिवाळ्यात पन्हळ, खचलेले चिरे आणि पाखाडीला टाकी, मेअखेर पुन्हा एक हात. कोटिंगचा विचार किमान एक पावसाळा बाजूला ठेवा. त्यानंतरही चिरा फार पाणी पितोय असं दिसलं तर चकाकी न देणारं, दगडाला श्वास घेऊ देणारं सिलेन-सिलोक्सेन जातीचं सीलर बघता येईल, तेही फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि आधी दोनच पायऱ्यांवर. खडूच्या रेघांचे दुपारी चारचे फोटो टाकलेत तर कुठले चिरे उचलायला लागतील ते सांगता येईल.